१२५ पट जवळ म्हणजे किती जवळ?

लांब पल्ल्याच्या झूमचा कॅमेरा घ्यायला निघालेल्या माणसाच्या कानावर पहिला आकडा पडतो तो पटींचा. कोणी ६५ पट सांगते, कोणी ८३, आणि निकॉनने २०१८ मध्ये आणलेल्या कूलपिक्स पी१००० या कॅमेऱ्याने तर थेट १२५ पटींपर्यंत मजल मारली. आकडा मोठा म्हणजे कॅमेरा भारी, असा सरळ हिशेब दुकानात मांडला जातो आणि गिऱ्हाईकही मान डोलावते. गंमत अशी, की या आकड्यात प्रकाशाबद्दल एक अक्षरही नसते, आणि छायाचित्र घडते ते प्रकाशानेच. दूरची वस्तू चौकटीत किती पटींनी मोठी करता येईल, एवढे झूम सांगतो. त्या मोठ्या दिसणाऱ्या वस्तूवर पिसे मोजता येतील की नुसता करडा डाग दिसेल, हे ठरते भिंगाच्या व्यासावर, सेन्सरवर आणि मधल्या हवेवर. यांपैकी व्यास सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच आकडा खोक्यावर छापलेला नसतो. तो काढायला एक भागाकार पुरतो. तो केला की हे कॅमेरे कोणत्या कामाला खरोखर उत्तम आहेत आणि कोणत्या कामाला नाहीत, हे बरेचसे उलगडते.

आधी पटींचा अर्थ. झूम भिंगाचे नाभीय अंतर बदलता येते. सर्वांत लांब अंतराला सर्वांत आखूड अंतराने भागले की पटींचा आकडा मिळतो. पी१०००चे भिंग ४.३ मिलिमीटरपासून ५३९ मिलिमीटरपर्यंत जाते, भागाकार १२५. म्हणजे हे निव्वळ गुणोत्तर आहे. सुरुवात कुठून झाली हे ते सांगत नाही. २० ते २०० मिमी हा दहा पट झूम आणि ६० ते ६०० मिमी हाही दहा पटच, पण दुसरा पहिल्याच्या तिप्पट जवळ जातो. त्यामुळे कॅमेरे एकमेकांशी ताडून पाहताना जाणकार मंडळी शेवटचे नाभीय अंतर विचारतात, आणि तेही ३५ मिमी फिल्मच्या हिशेबात रूपांतर केलेले. त्या हिशेबात पी१००० हा २४ ते ३००० मिमी, त्याच्या आधीचा पी९०० हा २४ ते २००० मिमी, कॅननचा एसएक्स७० एचएस २१ ते १३६५ मिमी आणि सोनीचा आरएक्स१० मार्क ४ हा २४ ते ६०० मिमी ठरतो. सोनीचा झूम फक्त २५ पट. किंमत मात्र यांत सर्वांत जास्त त्याचीच होती, आणि त्यामागे कारण आहे.

५३९चे ३००० कसे झाले? इथे सारी करामत सेन्सरची आहे. फिल्मची चौकट ३६ × २४ मिमीची असे. पी१०००चा सेन्सर जेमतेम ६.२ × ४.६ मिमीचा, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान. भिंगाने तयार केलेल्या प्रतिमेचा एवढासाच मधला तुकडा टिपला जातो आणि पडद्यावर पूर्ण चौकटभर दाखवला जातो, म्हणून दृश्य साडेपाच पटींहून अधिक जवळ आल्यासारखे वाटते. या करामतीला फसवणूक म्हणणे अन्यायाचे होईल. उलट हा सेन्सर लहान नसता तर हा कॅमेराच झाला नसता. पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यासाठी ३००० मिमी, एफ/८ असे भिंग घडवायचे तर त्याच्या तोंडाचा व्यास ३७५ मिलिमीटर लागेल. खगोलप्रेमींच्या मोठ्या दुर्बिणीचे नळकांडे तेवढे असते आणि ते उचलायला दोघे लागतात. तीच चौकट पी१००० सव्वाचौदाशे ग्रॅमच्या आसपास वजनात हातात देतो. मात्र सेन्सर लहान केल्याने दृश्यकोन लहान होतो, पक्ष्याकडून येणारा प्रकाश वाढत नाही. साऱ्या हिशेबाची मेख इथे आहे.

पटींची ही शर्यत कशी धावली हे पाहण्याजोगे आहे. छायाचित्रणाच्या ३५ मिमी कॅमेऱ्यासाठी १९५९ मध्ये फोइग्टलेंडर कंपनीचे झूमार हे पहिले झूम भिंग आले तेव्हा त्याचा पल्ला ३६ ते ८२ मिमी होता, म्हणजे सव्वादोन पटींच्या जवळपास. डिजिटल काळात, एकट्या निकॉनच्या एका मालिकेपुरते बोलायचे तर, २०११ मध्ये ३६ पट, २०१२ मध्ये ४२, २०१४ मध्ये ६०, २०१५ मध्ये ८३ आणि २०१८ मध्ये १२५ अशी चढण दिसते. या सात वर्षांत सेन्सरचा आकार तिळभर वाढला नाही. तो होता तसाच, १/२.३ इंच या नावाने ओळखला जाणारा, राहिला. २०२५ मध्ये पी११०० आला तेव्हाही भिंग तेच १२५ पटींचे होते; बदल झाले ते यूएसबी-सी सारखे किरकोळ. सात वर्षांत साडेतीनपटीच्या जवळ गेलेला आकडा पुढची सात वर्षे जागचा हलला नाही. बाजार आटला हे त्याचे एक कारण. दुसरे कारण भौतिकशास्त्रात आहे आणि ते बाजाराहून हट्टी आहे.

आता तो भागाकार. भिंगाचे खरे नाभीय अंतर भागिले एफ-आकडा, म्हणजे प्रकाश आत शिरण्याच्या वाटेचा व्यास. पी१०००साठी ५३९ भागिले ८, म्हणजे सुमारे ६७ मिलिमीटर. पी९००साठी ३५७ भागिले ६.५, म्हणजे ५५ मिलिमीटर. आरएक्स१० मार्क ४चे खरे नाभीय अंतर २२० मिमी, एफ/४. भागाकार पुन्हा ५५ मिलिमीटर! एकाच्या खोक्यावर ८३ पट, दुसऱ्याच्या खोक्यावर २५ पट, आणि पाणथळीपलीकडच्या बगळ्याकडून दोघांच्या पदरात पडणारा प्रकाश मात्र जवळपास सारखाच. पी९०० तो प्रकाश अधिक पिक्सेलांवर पसरतो, आरएक्स१० कमी पिक्सेलांवर. पोळी लाटून कितीही मोठी केली तरी कणीक उंड्याएवढीच असते.

व्यासाचे महत्त्व प्रकाशाच्या प्रमाणावरच थांबत नाही. प्रकाश तरंगरूप असल्याने कोणत्याही गोल छिद्रातून जाताना तो किंचित पसरतो. याला विवर्तन म्हणतात. भिंग कितीही निर्दोष घासलेले असो, बिंदूची प्रतिमा बिंदू न पडता छोटी चकती पडते, आणि दोन चकत्या एकमेकींत मिसळल्या की दोन वस्तू वेगळ्या दिसत नाहीत. किती बारीक कोनापर्यंत वेगळेपण टिकेल, हे मुख्यतः व्यासावर अवलंबून असते. ६७ मिमी व्यासासाठी ही मर्यादा साधारण २ विकलांची येते, म्हणजे एक किलोमीटरवर एक सेंटिमीटर. निरोगी डोळ्याची मर्यादा सुमारे एक कला, म्हणजे ६० विकला, धरली जाते. तिच्या तुलनेत हे तीसपट बारीक. कौतुक करावे असेच आहे. पण पी९०० आणि पी१००० शेजारी ठेवा. नाभीय अंतर २०००चे ३००० झाले, दीडपट. व्यास ५५चा ६७ झाला, जेमतेम २२ टक्के. वजन ८९९ ग्रॅमवरून १४१५ ग्रॅमवर गेले, ५७ टक्के. गिऱ्हाइकाला दिसतात ते ३०००. मिळतो तो २२ टक्के अधिक तपशील. आणि गळ्यात अडकवायचे असते ते ५७ टक्के जास्त ओझे. निर्णय ज्याचा त्याने करावा, पण तिन्ही आकडे समोर ठेवून करावा.

हाच हिशेब पिक्सेलांनाही लागू पडतो. पी१००० हा १६ मेगापिक्सेलचा कॅमेरा. त्याचा एकेक पिक्सेल सुमारे १.३४ मायक्रोमीटरचा. झूम मिटलेला असताना, एफ/२.८ला, विवर्तनाची चकती पावणेचार मायक्रोमीटरची असते आणि सगळे १६ मेगापिक्सेल आपापले काम करतात. झूम पूर्ण उघडला, एफ/८ झाला, की हीच चकती पावणेअकरा मायक्रोमीटरची होते, म्हणजे आठ पिक्सेल रुंद. त्या अवस्थेत सेन्सरकडे पोचणारा खरा तपशील सुमारे ४ मेगापिक्सेलांत मावेल इतकाच असतो. उरलेले पिक्सेल शेजाऱ्याचीच नक्कल उतरवतात. याचा एक अनपेक्षित फायदा आहे. फोर-के व्हिडिओची चौकट सुमारे ८ मेगापिक्सेलची. तेव्हा पूर्ण झूमवर व्हिडिओ घेतला तर छायाचित्राच्या तुलनेत तपशिलात फारसे काही हरवत नाही, आणि पक्ष्याची चाल, चोच मारण्याची ढब, आवाज हे सगळे वर मिळते. या कॅमेऱ्यांचा उत्तम उपयोग व्हिडिओत आहे आणि बहुतेक मालक ते बटण दाबतच नाहीत, असे मला वाटते.

सोनीने वेगळी वाट निवडली ती इथेच. आरएक्स१०चा सेन्सर १३.२ × ८.८ मिमीचा, क्षेत्रफळाने पी१०००च्या सेन्सरच्या चौपट. त्यावर २० मेगापिक्सेल, प्रत्येक पिक्सेल २.४ मायक्रोमीटरचा. पूर्ण झूमवरही एफ/४ मिळत असल्याने चकती लहान राहते आणि प्रत्येक पिक्सेल काहीतरी नवे सांगतो. काटेकोर हिशेब केला तर आरएक्स१०चे पिक्सेल भिंगाच्या क्षमतेच्या मानाने जरा ढोबळच आहेत, त्यामुळे खूप दूरच्या स्थिर वस्तूवर पी९०० अधिक तपशील दाखवू शकतो. मात्र कागदावर तो ३.३ पट जवळ जातो, आणि तपशील वाढतो तो आदर्श परिस्थितीतही दुपटीच्या आतच. सारांश काढायचा तर पटींची निम्मी कमाई विवर्तन परत घेते. उरलेल्या निम्म्या कमाईवर हात आणि हवा यांचा डोळा असतो.

हाताचे गणित असे. फिल्मच्या काळापासूनचा अडाखा सांगतो, की हातात धरून काढायच्या चित्रासाठी शटरचा वेग नाभीय अंतराच्या उलट्या अपूर्णांकाएवढा तरी हवा. ३००० मिमीला एक-तीन हजारांश सेकंद. कॅमेऱ्यातली कंप-निवारक यंत्रणा इथे मदतीला येते. हाताचे हेलकावे ओळखून ती भिंगातला एक गट उलट दिशेला सरकवते. पाच स्टॉपचा, म्हणजे पाच वेळा दुपटीचा, लाभ मिळतो असा कंपनीचा दावा. तो पूर्ण खरा धरला तर एक-शंभरांश सेकंदापर्यंत खाली येता येते. पण ही यंत्रणा छायाचित्रकाराचा हात आवरते, पक्ष्याचे पंख नाही. उडणाऱ्या बदकासाठी एक-सोळाशेंश सेकंद तरी हवा. लख्ख उन्हात, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००ला, एफ/८वर योग्य प्रकाशयोजनेचा वेग येतो एक-चारशेंशच्या जवळ. म्हणजे भर उन्हातही आयएसओ ४००. बदक झाडाच्या सावलीत गेले की प्रकाश आठव्या हिश्श्यावर येतो आणि आयएसओ ३२००ला जाऊन भिडतो. एवढ्याशा सेन्सरवर ३२०० म्हणजे पिसांच्या जागी रवा. पक्षी पाहण्याची वेळ सूर्योदयाची, आणि या कॅमेऱ्याची वेळ सकाळी नऊची, हा विरोध कोणत्याही मेन्यूतून मिटत नाही. उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवणला, रोहित पक्षी पाहायला होडीतून जाणाऱ्यांची त्यात आणखी एक अडचण. हात स्थिर करता येतो, होडी नाही.

मग हवा. आपल्यापासून पक्ष्यापर्यंत असलेल्या हवेत कमी-अधिक तापमानाचे पदर असतात आणि प्रत्येक पदर प्रकाशाला थोडा वाकवतो. एप्रिलच्या दुपारी डांबरी रस्त्यावर जे लवलवताना दिसते तेच सौम्य रूपात सर्वत्र चालू असते; नुसत्या डोळ्याला ते जाणवत नाही, ३००० मिमीला जाणवते. दोन विकलांची क्षमता असलेले भिंग दुपारी माळरानावर रोखले, तर हवेची थरथर त्या क्षमतेच्या कित्येक पट मोठी असते. त्या वेळी ६७ मिमी आणि ५५ मिमी यांत काहीच फरक उरत नाही. थंडीच्या पहाटेही सुटका नसते: धरणाचे पाणी हवेपेक्षा ऊबदार असले की पाण्यालगतचा थर तसाच लवलवतो. गाडीच्या खिडकीतून फोटो काढणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी बाब म्हणजे तापलेल्या गाडीतून बाहेर पडणारी हवा भिंगाच्या अगदी तोंडाशीच हा खेळ करते. धूळ आणि आर्द्रता रंग फिके करतात तो भाग निराळा. तो नंतर संगणकावर थोडाफार सावरता येतो. हवेने मोडलेली रेष कोणीही सरळ करू शकत नाही.

यावर पहिला आक्षेप रास्तपणे येईल तो असा: चंद्रावरची विवरे, शनीची कडी, गुरूचे चंद्र हे सगळे लोक या कॅमेऱ्यांनी टिपतात, ते काय खोटे आहे? मुळीच नाही. गॅलिलिओने १६१० मध्ये गुरूचे चंद्र पाहिले ते यापेक्षा लहान भिंगातून. ५३९ मिमी नाभीय अंतराला पूर्णचंद्राची प्रतिमा सेन्सरवर ४.९ मिमी पडते आणि सेन्सरची उंची आहे सुमारे ४.६ मिमी, म्हणजे चंद्र चौकटीत मावतच नाही. त्यावर चारेक किलोमीटरपर्यंतचे विवर वेगळे ओळखू यावे, असा व्यासाचा हिशेब आहे. अपोलोचे अवशेष दिसतील का, हा प्रश्न हौशी लोक दर वेळी विचारतात. ते काही मीटरचे आहेत, तेव्हा उत्तर उघड आहे. शनीचे कडे सेन्सरवर ऐंशीच्या आतबाहेर पिक्सेल व्यापते, आणि त्यात खरे सुटे तपशील निघतात वीसेक. कडे आहे हे कळते, कड्यातली फट दिसेल अशी आशा धरू नये. चंद्र चांगला येतो त्याची कारणेही आपल्या मुद्द्यालाच बळ देतात. तो उन्हात न्हालेला असतो, त्यामुळे प्रकाशाची वानवा नसते. तो वेगाने पंख हलवत नाही. आणि माथ्यावर असताना त्याच्या वाटेत दाट हवेचा पट्टा कमी असतो. ज्या तीन गोष्टी पक्ष्याच्या बाबतीत विरोधात जातात त्या चंद्राच्या बाबतीत बाजूने असतात.

जाता जाता एक मासला. पी९०० आल्यावर पृथ्वी सपाट मानणाऱ्या मंडळींमध्ये तो फार लोकप्रिय झाला, कारण क्षितिजाशी नाहीशी झालेली बोट झूम केल्यावर ‘परत’ दिसते. दिसते हे खरे. ती बोट मुळात क्षितिजाच्या अलीकडेच असते. एवढी लहान झालेली असते की डोळ्याची एक कलेची मर्यादा तिला पुरी पडत नाही, भिंगाची पुरी पडते. किनाऱ्यावर उभ्या माणसाचे क्षितिज पाचएक किलोमीटरवर असते. त्याच्या बरेच पलीकडे गेलेल्या जहाजाचा खालचा भाग पाण्याआड जातो, आणि तो १२५ पटींनीही वर येत नाही. याच कॅमेऱ्याने काढलेल्या अशा चित्रांत डोलकाठ्या आणि कंटेनर दिसतात, बुडखा दिसत नाही.

दुसरा आक्षेप वरच्या इयत्तेतून येतो. हे सगळे खरे असेल तर मोठ्या सेन्सरचा कॅमेरा आणि ६०० मिमी एफ/४ भिंग घ्या की! त्याचा व्यास १५० मिमी. ६७ मिमीच्या तुलनेत त्याच पक्ष्याकडून पाचपट प्रकाश. हा सल्ला छायाचित्रणाच्या दृष्टीने बिनतोड आहे आणि संसाराच्या दृष्टीने निरुपयोगी. असे भिंग एकटेच तीन किलोच्या घरात असते, वर कॅमेरा, वर ट्रायपॉड. किमतीत दारात एखादी गाडी उभी राहावी. ते पाठीवर घेऊन सह्याद्रीची घाटवाट चढणारे लोक आहेत, त्यांना नमस्कार. शिवाय त्या भिंगाला ६०० मिमी सोडून दुसरे काही येत नाही. आरएक्स१० किंवा पी१००० त्याच क्षणी समोरच्या फुलपाखराचा आणि मग पूर्ण दरीचा फोटो काढतो. हे बहुगुणीपण पटींनी दिलेले आहे हे मान्यच करायला हवे. पटींचा खरा अर्थ पल्ला आहे, जवळीक नव्हे, असे म्हटले तर माझी काही तक्रार नाही.

त्याहून मोठा मुद्दा असा, की दूरचे चित्र भिंतीवर टांगण्यासाठीच काढले जाते असे नाही. पक्षिनिरीक्षणात ‘रेकॉर्ड शॉट’ म्हणतात त्या चित्राचे काम ओळख पटवणे हे असते. रानपिंगळ्याची गोष्ट या संदर्भात आठवावी. १८८४ नंतर हा पक्षी खात्रीने कोणाला दिसला नव्हता. मधल्या काळातला, १९१४ सालचा म्हणून नोंदलेला एक नमुना होता, पण रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांच्या संग्रहातला तो नमुना चोरलेला आणि त्यावरची माहिती बनावट असल्याचे पक्षिशास्त्रज्ञ पॅमेला रासमुसेन यांनी उघड केले. त्यामुळे शोधाची दिशाच बदलली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना तो शहाद्याजवळच्या रानात, ११३ वर्षांनी, दिसला. छायाचित्रे आणि व्हिडिओ घेतले गेले. खोट्या चिठ्ठीने वाट चुकवलेल्या शास्त्राला या वेळी पुरावा हवा होता, कलाकृती नव्हे. डोक्यावर ठिपके जवळजवळ नसणे, शेपटीवर रुंद पट्टे, पोट पांढरे हे साध्या पिंगळ्यापासूनचे फरक थोड्या रवाळ चित्रातही दिसतात. छोटा टिलवा आणि टेमिंकचा टिलवा यांत पायांचा रंग पाहायचा असतो, आणि १०० मीटरवर एक मिलिमीटर वेगळा काढणाऱ्या भिंगाला तो पाहता येतो. एक-सोळाशेंश सेकंद नाही मिळाला तरी चालतो, कारण चिखलात उभा असलेला टिलवा अधूनमधून थांबतो. आणि लांबून काम भागले की पक्ष्याजवळ जावे लागत नाही. घरट्याशी जाऊन फांद्या बाजूला करणाऱ्या हौशी लोकांच्या हातात ३००० मिमी असणे घरट्याच्या हिताचे आहे.

तिसरा आक्षेप सध्या सर्वांत जोरात आहे: आता फोनच १०० पट झूम देतो, मग वेगळा कॅमेरा कशाला? इथे व्यासाचा भागाकार क्षणात निकाल देतो. फोनच्या जाडीत मावणाऱ्या भिंगाची वाट काही मिलिमीटरची असते. ६७ आणि ६ यांत व्यासाचे गुणोत्तर अकरापट, म्हणून प्रकाशाचे सव्वाशेपट. उरलेली उणीव फोन अनेक चौकटी एकत्र करून आणि अंदाज बांधून भरून काढतो. हा अंदाज कुठपर्यंत जातो हे मार्च २०२३ मध्ये दिसले. एका वापरकर्त्याने चंद्राचे मुद्दाम धूसर केलेले, अगदी लहान केलेले चित्र पडद्यावर लावून सॅमसंगच्या फोनने त्याचा फोटो काढला. फोनने त्यात मूळ चित्रात नसलेली विवरे दाखवली. चंद्र ओळखून तपशील वाढवणारी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरली जाते, असे कंपनीने स्पष्टही केले. चंद्र सर्वांना ठाऊक आहे, म्हणून तिथे हे चालून गेले. पण रानपिंगळ्याच्या शेपटीवर फोनने आपल्या मनाने पट्टे काढले तर? घरगुती समारंभासाठी फोन उत्तम, आणि लहान झूमचे कॅमेरे त्याने संपवले हेही ठीकच झाले. पुराव्यासाठी मात्र आलेला प्रकाश लागतो, आठवलेला नव्हे.

तेव्हा असा कॅमेरा निवडताना काय पाहावे? व्यास आणि सेन्सर पाहून झाल्यावर माझ्या मते जाहिरातीत तळाशी टाकलेली वैशिष्ट्ये वाचावीत. पहिले, रॉ फाइल. पी९००मध्ये ती नव्हती, तेच भिंग घेऊन २०२० मध्ये आलेल्या पी९५०मध्ये आली, आणि लहान सेन्सरच्या चित्रातला रवा निवडून काढण्यासाठी तिची गरज सर्वांत जास्त. दुसरे, फोकसची पद्धत. आरएक्स१० मार्क ४मध्ये फेज-डिटेक्शनचे ३१५ बिंदू आणि सेकंदाला २४ चौकटींचा वेग आहे. पी१००० सेकंदाला सातच्या वेगाने सलग सातच चौकटी घेतो आणि फोकससाठी मागे-पुढे चाचपडतो. उडत्या पक्ष्याची हौस असेल तर निकाल इथेच लागतो, पटींकडे वळण्याची गरजच नाही. तिसरे, दृश्यदर्शक. हात लांब करून मागच्या पडद्यावर पाहत ३००० मिमी सांभाळणे जवळपास अशक्य. कपाळाला टेकलेला कॅमेरा आपोआप तिसरा आधार मिळवतो. बॅटरीचाही विचार करावा: पी१००० एका चार्जमध्ये साधारण २५० चित्रे देतो, आणि भिंगाची लांबच लांब नळी मोटरने आत-बाहेर करण्यात त्यातली बरीच शक्ती जाते.

आणि एक छोटे बटण, ज्याच्याबद्दल कोणी विचारत नाही. पूर्ण झूमवर १०० मीटर अंतरावर चौकटीत मावते ती साधारण १.१५ मीटर रुंद आणि एक मीटरहून कमी उंच जागा. पक्षी दोन हात सरकला की तो गेला, आणि एवढ्या अरुंद खिडकीतून हिरव्यागार झाडीत त्याला पुन्हा शोधणे म्हणजे नुसते चाचपडणे. काही कॅमेऱ्यांत एक बटण दाबून धरले की झूम तात्पुरता मागे येतो, आजूबाजूचे दिसते, आणि बटण सोडताच भिंग पुन्हा आधीच्या जागी जाते. ऑलिंपसने तर २०१४च्या एसपी-१०० या ५० पट झूमच्या कॅमेऱ्यात नेम धरण्यासाठी वेगळा लाल ठिपकाच बसवला होता. दुकानात कॅमेरा हातात घेतल्यावर झूम पूर्ण उघडून रस्त्यापलीकडच्या तारेवरचा कावळा शोधावा, तो उडाला की हे बटण वापरून पुन्हा शोधावा. बटण बोट न हलवता सापडले तर कॅमेरा आपल्या हाताचा आहे. मेन्यूत शिरून शोधावे लागले तर ८३ पट असो की १२५, कावळा दर वेळी आधी उडून जाईल.